मांसल वनस्पतींचा छंद : संग्रह आणि संगोपन



कामगार संघटनेच्या कामात ज्याचे आयुष्य गेले, त्याने वसंत व्याख्यानमालेत महागाईवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. ते सोडून हा कुंडीतल्या झाडांवर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे जे शिक्षण झाले ते थोडे वाचनालयात आणि थोडे चाळीच्या गॅलरीत. परंतु कोण राबतो आणि त्या राबण्याचे मोल कोणाच्या पदरात पडते, हे पाहण्याची सवय एकदा जडली की झाडांपाशी आल्यावरही ती सुटत नाही. शिवाय हा विषय आता मूठभर हौशी मंडळींचा राहिलेला नाही. २०२० साली टाळेबंदीत माणसे घरात अडकली आणि जगभर लाखो घरांच्या खिडक्यांत छोट्या कुंड्या येऊन बसल्या. आज आपल्या शहरातल्या कोणत्याही रोपवाटिकेत जा. जाड, गुबगुबीत पानांच्या रोपांची एक फळी तेथे हटकून दिसते. वाढदिवसाला ही रोपे भेट देतात, कचेरीच्या टेबलावर ठेवतात, समारंभाहून परतणाऱ्या पाहुण्यांच्या हातावरही ठेवतात.

बाजारात यांना ‘सक्युलंट’ म्हणतात. मराठीत मांसल वनस्पती म्हणता येईल. ही झाडे कोण, ती जगतात कशी, आपल्या हवेत त्यांना जगवावे कसे, आणि ती आपल्यापर्यंत येतात कुठून, अशा चार प्रश्नांचा आज विचार करू. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक छांदिष्टाला हवी असतात. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मला मुख्यतः तोच विचारावयाचा आहे. पण पहिल्या तिघांवाचून त्याचे उत्तर नीट कळणार नाही.

ही झाडे कोण?

मांसल वनस्पती हे एखादे कूळ नव्हे. ती जगण्याची एक रीत आहे. जेथे पाऊस थोडा आणि बेभरवशाचा, तेथे मिळेल तेव्हा पाणी साठवून ठेवावे आणि पुढे ते काटकसरीने वापरावे, ही ती रीत. वनस्पतींच्या कितीतरी कुळांनी ती आपापल्या परीने अंगीकारली आहे. कोणी पाणी पानांत साठवते, कोणी खोडात, तर कोणी जमिनीखालच्या कंदात. परसातली कोरफड, बांधावरची घायपात, कुंपणाचा शेर आणि आजीने औषधाला लावलेली पानफुटी ही सारी याच पंगतीतली मंडळी आहेत. म्हणजे छंद नवा असला, तरी ओळख जुनी आहे.

निवडुंग आणि मांसल वनस्पती यांत लोकांची नेहमी गल्लत होते. कॅक्टस कुळातली बहुतेक सगळी झाडे मांसल असतात. पण प्रत्येक मांसल झाड कॅक्टस नसते. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या लव असलेल्या छोट्या गादीतून फुटतात. आपला त्रिधारी निवडुंग मोडला की पांढरा चीक येतो, आणि त्याच्या काट्यांना अशी गादी नसते. तो एरंडाच्या कुळातला. त्याचा कॅक्टसशी काही संबंध नाही. कॅक्टसचे कूळ, एखादा अपवाद वगळता, मूळचे अमेरिका खंडातले. तरीही आफ्रिकेच्या माळावरचा चिकाचा निवडुंग आणि मेक्सिकोतला कॅक्टस शेजारी ठेवले तर जाणकारही क्षणभर फसावा. वेगळ्या गावची, वेगळ्या घरची दोन माणसे एकाच खात्यात तीस वर्षे राबली की त्यांचे हात सारखे दिसू लागतात. तसेच हे आहे. दुष्काळाने दोघांनाही एकाच साच्यात घडवले.

आपल्याकडचा फड्या निवडुंगही परदेशी. त्याच्यावर पोसणाऱ्या एका किड्यापासून किरमिजी रंग निघतो. त्या रंगाच्या आशेने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ साली, असे किडे भारतात आणले गेले. किडा निघाला भलत्याच जातीचा. रंगाचा धंदा फसला. फड्या निवडुंगाच्या दुसऱ्या जाती मात्र पुढे रानोमाळ माजल्या. अखेर १९२६ साली त्याच गोत्रातला आणखी एक किडा सिलोनहून आणावा लागला, तेव्हा कुठे दक्षिण भारतातल्या जमिनी मोकळ्या होऊ लागल्या. झाड एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाते ते स्वतःच्या पायांनी नव्हे. कोणाच्या तरी नफ्याच्या हिशेबाने जाते. एवढे येथे ध्यानात ठेवू.

रात्रपाळीचे कामगार

आता ही झाडे जगतात कशी ते पाहू. झाडाच्या पानावर सूक्ष्म रंध्रे असतात. त्या दारांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर झाड आपले अन्न तयार करते. परंतु दार उघडले की आतले पाणीही वाफ होऊन बाहेर जाते. आंब्याला, वडाला ते परवडते. माळरानावरच्या झाडाने भर दुपारी दारे उघडली, तर संध्याकाळपर्यंत त्याचे पापड होईल.

म्हणून बहुतेक मांसल वनस्पतींनी रात्रपाळी पत्करली. रात्री हवा गार असते, बाष्पीभवन कमी होते. तेव्हा त्या दारे उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याचे आम्ल करून पेशींत साठवतात. हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल ते हेच. सकाळी दारे बंद होतात. मग दिवसभर, बंद दाराआड, रात्री साठवलेला माल सूर्यप्रकाशात वापरला जातो. कच्चा माल रात्री भरायचा आणि यंत्र दिवसा चालवायचे, असा हा कारखाना आहे.

या शोधाचा एक महत्त्वाचा धागा भारतातला आहे, हे सांगताना मला विशेष आनंद होतो. बेंजामिन हेन नावाचा एक जर्मन वनस्पतिज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत दक्षिण भारतात होता. पानफुटीचे पान सकाळी चाखले तर आंबट लागते, दुपारी बेचव होते आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे त्याच्या लक्षात आले. १८१३ साली त्याने हे निरीक्षण पत्राने लंडनला कळवले आणि १८१५ साली ते तेथल्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात छापले गेले. त्या आंबटपणाचा पुरता उलगडा व्हायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. हेनपाशी प्रयोगशाळा नव्हती. जीभ होती, आणि एकच पान दिवसातून तीनदा चाखून पाहण्याची चिकाटी होती. आपणही पानफुटीचा तुकडा जिभेला लावून पाहू शकता. मात्र गिळू नका, त्यात विषारी द्रव्ये असतात.

रात्रपाळीला किंमत मोजावी लागते, हे कामगारांना मी सांगायला नको. येथे ती किंमत म्हणजे संथ वाढ. आम्ल साठवायला जागा लागते, ती मर्यादित असते. म्हणून झाड बेताचेच कमावते आणि बेताचेच वाढते. रानातले सुपारीएवढे रोप कित्येक वर्षांचे असू शकते. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

काटकसरीच्या आणखीही युक्त्या आहेत. पानावर मेणाचा थर असतो. बोट लावले की तो पुसला जातो आणि पुन्हा भरत नाही, म्हणून ही पाने कुरवाळू नयेत. कॅक्टसच्या खोडाला उभ्या घड्या असतात. बाजाच्या पेटीच्या भात्याप्रमाणे त्या पावसात फुगतात आणि उन्हाळ्यात मिटतात, साल फाटत नाही. लिथॉप्स नावाचे आफ्रिकेतले झाड तर हुबेहूब गारगोटीसारखे दिसते. विल्यम बर्चेल या प्रवाशाने १८११ साली चमत्कारिक आकाराचा खडा म्हणून जमिनीवरून एक वस्तू उचलली, ती झाड निघाली. या झाडाला दोनच पाने असतात. नवी जोडी आतून येते तेव्हा जुन्या जोडीतले पाणी पिऊन ती वाढते, आणि जुनी पाने कागदासारखी वाळून जातात. त्या दिवसांत मायेने पाणी घातले, तर जुनी पाने मरत नाहीत, नवी नीट वाढत नाहीत आणि सारे झाड सडते.

आपल्या हवेत

यावरून संगोपनाचा पहिला नियम आपोआप निघतो. ही झाडे हयगयीने क्वचित मरतात, लाडाने मरतात. रोज सकाळी देवपूजेबरोबर सगळ्या कुंड्यांना एक एक गडू पाणी घालण्याची आपली रीत तुळशीला मानवते, यांना नाही. पाणी घालायचे ते भरपूर, खालच्या भोकातून निथळेपर्यंत; आणि मग माती तळापर्यंत कोरडी होईतो थेंबही घालायचा नाही. शंका असेल तर कुंडीत बारीक काडी खुपसावी. ती ओली निघाली तर गडू खाली ठेवावा. आठवड्यातून किती वेळा, असे लोक विचारतात. वाराने पाणी घालू नये. तहान पानावर दिसते. ते किंचित सुरकुतते, मऊ पडते.

दुसरी गोष्ट मातीची. आपली काळी कसदार जमीन कपाशीला, ज्वारीला सोन्यासारखी. पण ती पाणी धरून ठेवते आणि म्हणून या झाडांच्या मुळावर येते. एक भाग चाळलेली माती, एक भाग पुरते कुजलेले पाल्याचे खत आणि दोन भाग जाड वाळू, बारीक मुरूम किंवा विटांचा चुरा, असे मिश्रण करावे. वाळू समुद्राची नको. तिच्यात मीठ असते. मुरूम आपल्याकडे मुबलक आहे, स्वस्त आहे आणि महागड्या परदेशी खड्यांचे बरेचसे काम तो करतो. रोपवाटिकेतून आणलेले रोप बहुधा नारळाच्या भुश्शात असते. वाहतुकीला ते हलके. पण पावसाळ्यात ते आठवडेच्या आठवडे ओले राहते. तेव्हा भुस्सा अलगद झाडून रोप नव्या मिश्रणात लावावे आणि दुखावलेली मुळे सुकावीत म्हणून काही दिवस पाणी देऊ नये. कुंडी मातीची, भाजलेली, उत्तम; तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. तळाला भोक नसलेले चिनी मातीचे सुंदर पेले या झाडांचे थडगे होतात.

तिसरी गोष्ट हवेची, आणि येथे परदेशी पुस्तके आपल्याला दगा देतात. ती पुस्तके थंडीत जपायला सांगतात. आपल्याला जपायचे असते ते पावसाळ्यात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुंड्या पागोळीच्या आत घ्याव्यात, हवा खेळती ठेवावी आणि पाणी जवळजवळ बंद करावे. कोकणात आणि मुंबईत दमट उकाड्याने आणखी एक अडचण येते. एचेव्हेरिया नावाची, दगडी गुलाबासारखी दिसणारी मेक्सिकोच्या डोंगरांतली रोपे तेथे नाराज असतात, कारण त्यांना गार रात्र हवी. पुण्या-नाशकाकडे ती त्या मानाने सुखाने राहतात. कोरफडीच्या जाती, हॉवर्थिया, जेड, ‘स्नेक प्लांट’ म्हणून विकली जाणारी सॅन्सेव्हिएरिया आणि अडेनियम ही मात्र बहुतेक ठिकाणी साथ देतात. अडेनियमला तर आपला वैशाख मानवतो. हवे ते झाड आणून हवेशी भांडत बसण्यापेक्षा हवेला मानवणारे झाड आणावे. भांडण्यासारख्या दुसऱ्या पुष्कळ गोष्टी जगात आहेत.

ऊन हळूहळू वाढवावे. सावलीत वाढलेले रोप एकदम गच्चीत ठेवले तर पाने भाजतात. उलट अंधाऱ्या खोलीत ठेवले तर ते उजेडाच्या शोधात लांबट आणि फिकट होत जाते. पांढऱ्या कापसासारखी कीड दिसली तर तो पिठ्या ढेकूण; कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढावा. बुंधा सडू लागला तर निरोगी भाग येईपर्यंत कापत जावे, कापलेला तुकडा सावलीत काही दिवस सुकवावा आणि मगच कोरड्या मिश्रणात लावावा. चिकाच्या जाती कापताना डोळे सांभाळावेत. तो चीक डोळ्यांना अत्यंत घातक असतो.

आणि आता या छंदातला सर्वांत मोठा आनंद. ही झाडे विकत घेत राहण्याची गरजच नसते. एचेव्हेरियाचे किंवा सेडमचे एक अखंड पान देठासकट हलकेच पिळून काढा आणि कोरड्या मिश्रणावर सावलीत नुसते ठेवून द्या. काही आठवड्यांत त्याला गुलाबी मुळे फुटतात आणि टोकाशी मोहरीएवढे रोप दिसू लागते. पानफुटी पानाच्या कडेवरच संसार मांडते. कोरफड आणि हॉवर्थिया बुडाशी पिले देतात. जेडची फांदी सुकवून रोवली की झाले. एका शेजारणीकडची एक कुंडी दोन वर्षांत सगळ्या मजल्याला पुरते. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याला, पाळ्या बदलणाऱ्याला, चार दिवस गावी जाणाऱ्याला, ज्याच्या नळाला तासभरच पाणी येते त्यालाही परवडावा असा हा छंद आहे. म्हणूनच तो मला आपलासा वाटतो.

लाल डोके आणि हिरवे खोड

परंतु बाजाराचा स्वभाव वेगळा. शेजारणीने फुकट दिलेल्या पानावर बाजार चालत नाही. त्याला दर हंगामात नवे काहीतरी लागते. रोपवाटिकेत आपण लाल किंवा पिवळ्या गोळ्याचे एक छोटे निवडुंग पाहिले असेल. खाली तिधारी हिरवे खोड आणि वर लालभडक डोके. हे एक झाड नव्हे, दोन आहेत. १९४१ साली जपानमध्ये एका जातीच्या निवडुंगाच्या रोपांत हरितद्रव्य नसलेली लाल रोपे आढळली. हरितद्रव्य नाही म्हणजे स्वतःचे अन्न तयार करण्याची शक्ती नाही. अशी रोपे आपल्या मुळांवर जगू शकत नाहीत. तेव्हा त्यांचे कलम दुसऱ्या हिरव्या निवडुंगावर बांधण्यात आले. तो निवडुंग म्हणजे आपले शेतकरी आता जे ड्रॅगनफ्रूट लावतात त्याचा सोयरा. लोक घरी येऊन पाहतात ते लाल डोके. कमावते ते खालचे हिरवे खोड. काही वर्षांत हे ओझे दोघांनाही पेलत नाही आणि जोडी मरते. मग गिऱ्हाईक दुसरी आणते. मी यावर अधिक भाष्य करीत नाही. आपण सुज्ञ आहात.

एवढे खरे की ही कलमे मुद्दाम तयार केलेली असतात. कोणाच्या तरी हाताने, बहुधा रोजंदारीवरच्या बाईच्या हाताने, एकेक कापून आणि बांधून केलेली. त्यात रान उजाड होत नाही. आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याशी कालिंपोंगच्या रोपवाटिका निवडुंगांसाठी प्रसिद्ध आहेत. हरियाणात पंचकुला येथे डॉ. जे. एस. सरकारिया यांच्या प्रयत्नाने १९८७ साली निवडुंगांचे आणि मांसल वनस्पतींचे राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. अशा ठिकाणी बियांपासून, कलमांपासून हजारो रोपे तयार होतात आणि हौस भागते. अडचण येते ती दुर्मिळतेचा शौक लागला म्हणजे.

कारूच्या माळावर

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागात, नामिबियाच्या सरहद्दीला लागून, एक विस्तीर्ण कोरडा प्रदेश आहे. त्याला सक्युलंट कारू म्हणतात. तेथे पाऊस हिवाळ्यात, थोडाच पडतो. समुद्राकडून धुके येते. एवढ्यावर तेथे वनस्पतींच्या सुमारे सहा हजार जाती नांदतात आणि त्यांतल्या कितीतरी जगात इतरत्र कोठेही नाहीत. गारगोटीच्या खाचेत बसणारी, वाटाण्याएवढी, बोराएवढी रोपे तेथे आहेत. त्यांतल्या कोनोफायटम या गटातली काही रोपे एखाद्या टेकडीच्या एकाच उतारावर सापडतात, पलीकडच्या उतारावर नाही. त्यांची बोंडे पावसाचे पाणी पडले म्हणजेच उघडतात आणि थेंबांच्या माऱ्याने बी बाहेर उडते. बियाला ओल मिळेल याची खात्री झाल्यावाचून आई दार उघडत नाही.

२०१९ नंतर या रोपांच्या चोरीला ऊत आला. टाळेबंदीत घरोघर हौस वाढली, परदेशांत अशा रोपांना मोठी किंमत येऊ लागली. पूर्वी काही संग्राहक स्वतः जाऊन रोपे उपटून आणीत. प्रवास बंद झाला तेव्हा दलालांनी दूरध्वनीवर छायाचित्रे पाठवून तेथल्याच माणसांना कामाला लावले. पुढच्या चार-पाच वर्षांत तेथल्या पोलिसांनी आणि वनाधिकाऱ्यांनी जी रोपे पकडली, त्यांचीच संख्या दहा लाखांहून अधिक भरली. न पकडलेली किती, याची गणती कोण करणार? पकडलेली रोपेही परत रानात लावता येत नाहीत. ती कोणत्या उतारावरची हे कोणी सांगत नाही, आणि खोक्यांतून त्यांच्याबरोबर रोगराई जाण्याचे भय असते. वनस्पती-उद्यानांतून ती सांभाळावी लागतात, पुष्कळ मरतात. मघाशी संथ वाढीची गोष्ट सांगितली ती येथे लागू होते. क्षणात उपटलेले रोप भरून निघायला वर्षानुवर्षे लागतात. आणि एका उताराचीच जात असेल, तर ती भरून निघतच नाही.

आता माझा जुना प्रश्न. हे उपटणारे हात कोणाचे? त्या नामाक्वालँड भागात तांब्याच्या आणि हिऱ्यांच्या खाणी होत्या. त्या एकेक करून बंद पडत गेल्या, ओळीने दुष्काळाची वर्षे आली, हाताला काम उरले नाही. अशा माणसाच्या हाती कोणी गोणी दिली आणि टेकडीकडे बोट दाखवले, तर तो काय करील? परदेशातल्या काचेच्या घरात त्या रोपाला जी किंमत येते तिचा अगदी लहानसा हिस्सा त्याच्या हातावर पडतो. आणि धाड पडली म्हणजे तुरुंगात प्रथम जातो तोच. चोरीचे मी समर्थन करीत नाही. परंतु खाण बंद झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न ज्यांनी कधी विचारला नाही, त्यांनी केवळ गोणी वाहणाऱ्याला गुन्हेगार म्हणून मोकळे होऊ नये. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २०२२ साली या चोरीविरुद्ध जी राष्ट्रीय योजना आखली, तिच्यात पहाऱ्याबरोबर स्थानिक लोकांच्या उपजीविकेचाही विचार आहे. नुसता पहारा वाढवून हे थांबणार नाही, हे त्यांनाही उमगले आहे.

ही गोष्ट केवळ गरीब देशात घडते असे नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या कड्यांवर डडलेया नावाची रोपे असतात. २०१८ च्या सुमारास तेथे टपालाने परदेशी चाललेली, रानातून उपटलेल्या रोपांची खोकी उघडकीस आली. अखेर २०२१ साली त्या राज्याला खास कायदा करून ही रोपे उपटण्यास बंदी घालावी लागली. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७५ पासून अमलात असलेला वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापाराचा करार आहे. भारत त्यात १९७६ साली सामील झाला. निवडुंगाचे जवळजवळ सगळे कूळ त्याच्या यादीत आहे. परंतु कायद्याची यादी नेहमी बाजाराच्या एक पाऊल मागे असते. आज यादीत नसलेले रोप उद्या फॅशन होते.

आपल्या कड्यांवर

हे सारे दूरदेशीचे म्हणून आपण सोडून द्याल, तर घरापाशी येऊ. सह्याद्रीच्या कड्यांवर एक मांसल झाड आहे, शिंदळ माकुडी. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डॅल्झेल या वनस्पतिज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद केली आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव त्याला दिले. जुन्नरकडचे कडे, महाबळेश्वर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी ते खडकांना धरून असते. जगात इतरत्र नाही, केवळ महाराष्ट्रात. पावसाळ्यात त्याला पाने येतात. पावसाळा सरता सरता तांबूस-जांभळ्या, पिवळ्या नक्षीच्या चांदणीसारखी फुले येतात. त्यांना दुर्गंध असतो, कारण त्यांची गिऱ्हाइके माश्या. उन्हाळ्यात पाने गळतात आणि उरते ते जाड खोड. कड्यावर ते दुर्मिळ झाले आहे. पण गंमत अशी की त्याच्या फांदीचा एक तुकडा लावला तर त्याचे रोप सहज होते. रोपे वाढवून पुन्हा कड्यांवर लावण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

त्याच्याच नात्यातली कंदीलपुष्पे, ज्यांचे कंद आपल्याकडची गुराखी मुले खरपुडी म्हणून उकरून खातात, त्यांच्याही अनेक जाती फक्त आपल्या डोंगरांत आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांच्या जतनाचे मोलाचे काम झाले आहे. कारूच्या टेकडीवर जे घडले ते आपल्या गडांवर घडायला काय लागते? एक छायाचित्र, एक किंमत आणि गडाखालच्या वाडीतला एक बेकार पोरगा. तिन्ही गोष्टी उपलब्ध आहेत.

मग करावे काय?

छंद सोडावा असे मी म्हणणार नाही. ज्याने पानातून रोप फुटताना एकदा पाहिले, त्याला सुटणारही नाही. मागणी माझी एवढीच की संग्रह आणि संगोपन यांतला फरक ओळखावा. संग्राहक विचारतो, माझ्यापाशी किती जाती आहेत, कोणापाशी नाही असे माझ्याकडे काय आहे? संगोपन करणारा विचारतो, मी यातली किती रोपे वाढवली, किती वाटली?

रोप घेताना विक्रेत्याला विचारावे, हे बियांचे की कलमाचे, आणि तयार कुठे झाले? प्रामाणिक रोपवाटिकावाला आनंदाने सांगतो. रानातून उपटलेले रोप पुष्कळदा ओळखूही येते. त्याची कातडी वाऱ्यापावसाने खरबरीत झालेली असते, त्यावर जुने व्रण असतात, मुळे तुटलेली असतात. रोपवाटिकेतले रोप साफ, एकसारखे आणि तजेलदार असते. दुर्मिळ जातीचे, प्रौढ आणि व्रण असलेले रोप कोणी स्वस्तात देऊ केले, तर ते स्वस्त का आहे याचा विचार करावा. गडावर गेलो तर डोळे भरून पाहावे आणि हात पाठीमागे ठेवावेत. नेमकी जागा छायाचित्राखाली लिहून जगाला कळवू नये. आणि आपल्या गावात, शाळेत, सोसायटीत वर्षातून एक दिवस रोपांच्या देवघेवीचा ठेवावा. ज्याच्याकडे पिले आहेत त्याने आणावीत, ज्याला हवी त्याने न्यावीत. पैशाचे काम नाही. जी गोष्ट घरोघर फुकट वाढते, तिच्यासाठी कोणी डोंगर खणत नाही.

ज्या झाडांनी थोड्या पाण्यात भागवण्याची कला साधली, त्यांना आपल्या हावेने संपवावे, हे आपल्याला शोभत नाही. त्यांना वाढवणे अवघड नाही. पाणी कमी आणि धीर जास्त, एवढेच लागते.